नरनाळ्याची धार: आधी महिना, मग वाट

डोंगरावर जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो अंतराचा आणि दुसरा उंचीचा. वऱ्हाडातल्या उघड्या डोंगरधारेवर एका दिवसाची पायपीट आखायची असेल, तर हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारावेत. उदाहरण नरनाळ्याचं घेऊ. अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर हा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ९७० मीटर उंचीवर पसरला आहे. पूर्वेला जाफराबाद, मध्ये नरनाळा, पश्चिमेला तेलियागड अशी तीन किल्ल्यांची ही जोडमाळ आहे. अकोल्याहून अकोट साधारण ४५ किलोमीटर आणि तिथून पायथ्याचं शहानूर विसेक किलोमीटर. सकाळी निघावं, माथ्यावर तटाच्या कडेनं हिंडावं आणि दिवेलागणीला घरी यावं असा हा बेत कागदावर अगदी सोपा दिसतो. त्यात दोर लागत नाही, कातळारोहण नाही, छाती दडपणारा सुळकाही नाही. पण इथला दिवस निभतो की फसतो हे ऊन ठरवतं. म्हणून आधी महिना पक्का करावा, मग तास, मग पाणी. वाट किती लांब हे त्यानंतर आपोआप ठरतं.

याचं मूळ डोंगराच्या ठेवणीतच आहे. गाविलगडची रांग पूर्व-पश्चिम धावते. तिची दक्षिण बाजू पूर्णेच्या खोऱ्यात एकदम कोसळते; भूकवचातल्या एका मोठ्या भ्रंशाच्या काठावर ती उभी आहे. उत्तरेकडे मात्र डोंगर एकात एक गुंतत, दऱ्याखोऱ्यांतून मेळघाटात पसरत जातो. दगड सह्याद्रीचाच, काळा बेसाल्ट, लाव्ह्याच्या आडव्या थरांचा. कठीण थर कडा होऊन उभा राहतो, ठिसूळ थर झिजून त्याच्याखाली उतार होतो आणि माथा सपाट उरतो. अशा माथ्याच्या कडेनं चालणाऱ्याला दोन्ही बाजूंना दरी असलेली अरुंद धार क्वचितच भेटते. एका हाताला पठार, दुसऱ्या हाताला कडा आणि डोक्यावर उघडं आभाळ, असं हे चालणं असतं. पाय घसरण्याची भीती इथे कडेपुरती. चार पावलं आत सरकलं की ती संपते. उन्हापासून मात्र चार पावलांनी सुटका होत नाही. शिवाय अकोट-शहानूरकडून चढणारी वाट या दक्षिण अंगानंच वर जाते, म्हणजे उन्हाकडे तोंड करून असलेल्या उतारावरून.

हे किती फरक करतं ते हिशेबानं पाहू. नरनाळ्याचा अक्षांश २१ अंशांच्या थोडा वर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. सपाट शेतात ते ऊन तिरपं आणि सौम्य वाटतं, पण दक्षिणेकडे झुकलेल्या तीस अंशांच्या उतारावर तेच ऊन जवळजवळ काटकोनात आदळतं. म्हणून थंडीतही ही चढण घाम काढते. उलट माथ्यावर पोचल्यावर तोच खाली उतरलेला सूर्य मदतीला येतो. दक्षिणेकडच्या तटाच्या आतल्या अंगानं चालावं. तट जितका उंच, जवळजवळ तितक्याच रुंदीची सावली दुपारी बारालाही त्याच्या पायाशी पडलेली असते. माणूसभर उंचीचा तट शाबूत असेल तिथे डोकं झाकेल एवढी सावलीची पट्टी मिळते. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात याच ठिकाणी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तटाला सावलीच उरत नाही. वाट तीच, तट तोच, फक्त महिना बदलला की आडोसा नाहीसा होतो. कोणताही नकाशा हे दाखवत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: अहो, पण ते जंगल आहे, झाडाखालून चालायचं. जंगल आहे हे खरं, पण ते पानगळीचं आहे. मेळघाटात सागाचं राज्य, त्याच्या जोडीला ऐन, धावडा, सालई, मोह, तेंदू. साग पावसाळ्यात एवढाल्या पानांनी छत धरतो आणि उन्हाळा तापायच्या सुमाराला ते छत उतरवून ठेवतो. ज्या दिवसांत सावली लागते नेमक्या त्या दिवसांत या जंगलात उभे खांब असतात आणि पायाखाली करकरणारा पाचोळा. वर माथ्यावर तर झाडं आधीच विरळ आणि गवत जास्त.

दुसरा आक्षेप थोडा अभ्यासू असतो: वर थंड असतं, चिखलदऱ्याला लोक उन्हाळ्यात कशाला जातात मग? हवा उंचीबरोबर थंड होते हे बरोबर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश असा तो ढोबळ हिशेब. अकोट तीनशे मीटरच्या आसपास धरलं तर नरनाळ्याच्या माथ्यावर हवा चार-साडेचार अंशांनी थंड मिळेल. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जाणं नवलाचं नाही. त्यातून चार वजा केले तरी ४१ उरतात. आणि थर्मामीटर मोजतो ती सावलीतली हवा. तापलेल्या काळ्या दगडावरून वर येणारी धग आणि अंगावर पडणारं सरळ ऊन त्या आकड्यात नसतं. चिखलदऱ्याला उन्हाळ्यात जाणारा माणूस दुपारी खोलीत पंख्याखाली झोपतो आणि संध्याकाळी पॉइंट बघायला निघतो. तो थंडावा व्हरांड्यात बसणाऱ्याचा आहे, पाठीवर ओझं घेऊन चढणाऱ्याला त्यातला फार थोडा मिळतो.

तेव्हा महिने कोणते? नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर दिसायला देखणा, पण माथ्यावरचं गवत कमरेएवढं असतं, वाट आणि कडेचा काठ दोन्ही त्यात बुडालेले असतात आणि परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. नोव्हेंबरात गवत पिकून आडवं पडू लागतं. मग कुसळ्यांचा त्रास सुरू होतो. त्या मोज्यांतून आत शिरतात आणि दर पावलाला टोचतात, तेव्हा पायघोळ पॅन्ट आणि पायाला नीट बसणारे जाड बूट हवेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून वनविभागाच्या हिशेबी आगीचा हंगाम सुरू होतो तो जूनच्या मध्यापर्यंत. वणवा चढावर भराभर धावतो, कारण वरचं गवत खालच्या ज्वाळेनं आधीच तापून कोरडं झालेलं असतं. दक्षिण उताराच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी यापेक्षा वाईट मांडणी सुचवता येणार नाही. त्या दिवसांत काडीपेटी आणि बिडी खालीच ठेवून जाणं हा सभ्यपणाचा भाग झालाच. जाणंच टाळणं अधिक शहाणपणाचं.

पावसाळ्याचे कैवारी मात्र हे ऐकून घेत नाहीत. हिरवा सातपुडा, धबधबे, ढगात बुडालेले दरवाजे यांशिवाय डोंगरात जायचंच कशाला, असा त्यांचा सवाल असतो. त्यात तथ्य आहे. उन्हाचा प्रश्न जुलै-ऑगस्टात मिटतोच. पण त्याच्या जागी दुसरे दोन येतात. धुकं दाटलं की कडा आणि पठार यांतला फरक दिसेनासा होतो, आणि शेवाळलेली फरसबंदी उतरताना गुडघ्यांची परीक्षा घेते. दुसरा प्रश्न विजेचा, आणि तो पावसाळ्याच्या दोन्ही उंबरठ्यांवर जास्त गंभीर असतो: मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. दिवसभर तापलेल्या हवेतून दुपारी तीननंतर ढगांचे मनोरे चढतात आणि तासाभरात गडगडाट सुरू होतो. उघड्या माथ्यावर तेव्हा सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो, किंवा आपण ज्याच्याखाली उभे राहिलो ते एकाकी झाड. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत; तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर माथा सोडून खाली सरकायला लागावं. बुरुजावर थांबू नये, मोडक्या कमानीतही नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं, पण त्याला नेटवर्क लागतं. म्हणून ते अकोटात बघून घ्यायचं, माथ्यावर त्याच्या भरवशावर राहायचं नाही. पावसातलाच किल्ला पाहायचा असेल तर चिखलदऱ्याजवळचा गाविलगड बरा. चिखलदरा आधीच माथ्यावर असल्यानं चढण जवळपास नाहीच, आणि बिनसलं तर पक्का रस्ता आणि छप्पर जवळ असतं.

महिना ठरला की तास. पायपिटीचा वेळ काढायचं एक जुनं सूत्र आहे, स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेलं: तासाला तीन मैल चाल धरा आणि दर दोन हजार फूट चढाला एक तास वाढवा. बारा किलोमीटरची फेरी आणि पाचशे मीटर चढ धरला तर उत्तर येतं तीन तास वीस मिनिटं. हे सूत्र आजही जगभर वापरतात, आणि ते थंड हवेतल्या धडधाकट माणसाचं आहे. त्यात ऊन नाही, जेवण नाही, दरवाज्यावरची नक्षी बघत उभं राहणं नाही, की सोबतच्या काकांचा गुडघा नाही. वऱ्हाडात ते सरळ दुप्पट करावं. सहा-सात तास झाले. डिसेंबरात इथे सूर्य सातला थोडा वेळ असताना उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. उजेड जेमतेम अकरा तासांचा. त्यात फाटकावरची नोंद आणि अकोल्याहून येण्याचा वेळ घातला की उरलेला दिवस बेताचाच राहतो.

‘मग पहाटे अंधारात चढायला लागा’ हा सह्याद्रीतला सर्वमान्य उपाय इथे चालत नाही. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि नरनाळ्याचा सव्वाबारा चौरस किलोमीटरचा परिसर १९९७ मध्ये अभयारण्य झाला. वाघाचं नाव सगळे घेतात. पायी चालणाऱ्यानं अस्वलाची काळजी जास्त करावी. त्याची नजर अधू, ते वाळवी किंवा मोह खाण्यात गढलेलं असतं आणि माणूस अगदी जवळ आल्यावर दचकून अंगावर येतं. त्याची ये-जा पहाटेच्या आणि संध्याकाळच्या संधिप्रकाशात जास्त. म्हणजे ऊन सांगतं लवकर निघा, अस्वल सांगतं उजाडल्याशिवाय नको. या ओढाताणीतून तासांची कसरत करून सुटका नाही. महिना नीट निवडला तरच ती सुटते. डिसेंबरात आठला सुरुवात केली तरी चालतं, एप्रिलमध्ये कुठलाच तास पुरेसा लवकर नसतो. मग हिशेब उलटा मांडायचा. साडेचारला खाली फाटकावर, म्हणून अडीचला माथा सोडायचा, म्हणून एकच्या सुमाराला जिथे असू तिथून मागे फिरायचं, समोर कितीही आकर्षक बुरुज दिसत असला तरी. घड्याळ बघत डोंगर कसला फिरता, असं यावर हिणवलं जातं. पण परतीची वेळ एकदा ठरली की मधले तास खरोखर मोकळे होतात; कुठे किती रेंगाळायचं याची टोचणी राहत नाही.

पाण्याच्या बाबतीत किल्ला बांधणाऱ्यांकडूनच शिकावं. नरनाळ्याच्या माथ्यावर तलाव आणि टाक्यांची रेलचेल आहे; शक्कर तलाव त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला. एका सपाट माथ्यावर इतकं पाणी साठवायची गरज का पडली असेल? पाऊस चार महिन्यांचा आणि दगड पाणी धरून न ठेवणारा, म्हणून. आणि इतकी टाकी असूनही उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यातली थोडीच पाणी राखून असतात. उरलेलं पाणी जनावरांचं. ते गाळून, उकळून किंवा औषध टाकूनच माणसानं प्यावं, आणि खरं म्हणजे त्यांच्यासाठीच सोडावं. आपलं पाणी आपल्या पाठीवर न्यावं: थंडीत माणशी तीन लिटर, फेब्रुवारीत गेलात तर पाच. पाच लिटर म्हणजे पाच किलो, आणि हे वजन जाणवलं की उन्हाळ्याचा बेत आपोआप ढिला पडतो. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही, पण मिठाची सांगावी लागते. घामाबरोबर मीठ जातं आणि नुसतं पाणी पीत राहिलं की पोटऱ्यांत गोळे येतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळायचं. बाटलीभर एवढं जवळ असावं. भाकरी, ठेचा आणि कांदा ही शिदोरी या दृष्टीनंही उत्तम. कांदा खिशात ठेवला की ऊन लागत नाही ही आपल्याकडची समजूत. खाल्ला तर निदान भाकरी तरी गोड लागते. खिशापेक्षा डोक्यावर भर द्यावा: ओला करून गुंडाळलेला सुती दुपट्टा टोपीपेक्षा चांगला, कारण तो मानही झाकतो. सोबतचा कोणी असंबद्ध बोलू लागला, त्याची चाल लडखडली, तर ‘बस जरा, बरं वाटेल’ म्हणून भागत नाही. त्याला सावलीत आडवं करून अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि बाकीचा बेत तिथेच संपवायचा.

परवानगीचा विषय अनेकांना बोचतो. किल्ला आपल्या पूर्वजांचा, डोंगर आपल्या जिल्ह्यातला, मग चिठ्ठी फाडून, वेळ सांगून, माणूस बरोबर घेऊन जायचं कशाला? भावना समजण्यासारखी आहे. पण व्याघ्र प्रकल्पात पायी कुठे जाता येईल, कुठे वाहनानंच, कोणत्या वेळेत आणि वाटाड्या घेऊन की कसं, हे वनविभाग ठरवतो आणि ते हंगामाप्रमाणे बदलतं. म्हणून निघायच्या आधल्या आठवड्यात चौकशी करूनच तारीख पक्की करावी, आणि पायी परवानगी नसेल तेवढा टप्पा मुकाट वाहनानं करावा. नियम बाजूला ठेवला तरी वाटाड्या स्वस्तच पडतो. कुठल्या टाक्यावर सकाळी अस्वलाचा माग होता, कुठल्या कमानीत यंदा आग्या मोहोळ बसलं आहे, हे ॲपवर येत नाही. आग्या माश्यांची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. कड्याच्या ओथंब्याखाली आणि जुन्या बांधकामांच्या कमानींत त्या पोळी धरतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, फेकलेला दगड यांनी उठतात, आणि कड्याच्या काठावर पळायला जागा नसते.

या रांगेत चढाईची आखणी कशी करतात याचा एक मोठा दाखला इतिहासातही आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोटजवळच्या अडगावला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केल्यावर इंग्रज सेनापती ऑर्थर वेलस्ली गाविलगड किल्ल्याकडे वळला. दक्षिणेचा कडा समोर होता, अंतरानं जवळ होता. तरीही मुख्य हल्ला त्यानं उत्तरेकडून योजला. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी ७ डिसेंबरला अचलपूरहून निघाली आणि डोंगरातून सुमारे तीस मैलांचा वळसा घेत, अवजड तोफा ओढत, १२ तारखेला किल्ल्याच्या उत्तरेला लबाड्याला पोचली. दक्षिणेच्या तोफांनी फारसं काही साधलं नाही. १५ डिसेंबरला उत्तरेच्या तटाला पडलेल्या खिंडारातून आणि आतल्या तटाला शिडी लावून गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. ती लढाई होती, सहल नव्हे, आणि तिच्यात आपल्याला आनंद मानण्यासारखं काही नाही. पण जवळचा दक्षिण उतार सोडून लांबची उत्तर वाट पत्करणं आणि डिसेंबरातल्या कोरड्या, थंड दिवसांत ते करणं, यात या डोंगराचा स्वभाव ओळखलेला दिसतो. किल्ला जिंकला तो पाच दिवसांच्या चालीनं.

तेव्हा नरनाळ्याचा प्रत्यक्ष दिवस असा बसवावा. आठच्या सुमारास शहानूरहून सुरुवात. चढण दक्षिणेची असल्यानं ऊन कोवळं असतानाच ती संपवायची. वाटेत महाकाली दरवाजा येतो आणि तिथे अर्धा तास राखून ठेवावा. त्याच्यावरचा शिलालेख १४८७ चा, फतेउल्ला इमाद-उल्-मुल्कच्या काळातला. हाच पुढे अचलपूरच्या इमादशाहीचा संस्थापक झाला. दगडातली कमळं, जाळीदार सज्जे, वर आयतांच्या ओळी. एवढ्या रानात एवढं नाजूक काम कशासाठी, याचं उत्तर किल्ल्याच्या दर्जात आहे; पुढे अकबराच्या वऱ्हाड सुभ्यातही नरनाळा हे एका सरकारचं, म्हणजे सुभ्याच्या एका विभागाचं, ठाणं होतं. माथ्यावर शक्कर तलाव आणि नऊगजी तोफ बघेपर्यंत अकरा वाजतात. इथे निवड करावी लागते. जाफराबाद आणि तेलियागड दोन्ही हात एकाच दिवशी गाठायचा हट्ट केला की परतीची वेळ हुकते. एकच बाजू घ्यावी, तटाच्या आतून चालावं. तटाच्या माथ्यावर चढू नये. चुना निघून गेलेला आहे, पिंपळाच्या मुळांनी दगड सुटे केले आहेत आणि पलीकडे सरळ दरी आहे. शिदोरी तटाच्या सावलीच्या पट्टीत बसूनच सोडावी. दक्षिणेला खाली पूर्णेचं खोरं, तुरीची आणि पऱ्हाटीची शेतं, संत्र्या-केळीच्या बागांचे गडद चौकोन. स्वच्छ हवेत नजर खूप लांब जाते, पण डिसेंबरात सकाळी दहापर्यंत खाली धुरकट असतं, म्हणून हा देखावा चढताना शोधू नये, जेवताना बघावा. एक वाजला की वळायचं. उतरताना तोच दक्षिण उतार आता पुरता तापलेला असेल, म्हणून एक लिटर पाणी या टप्प्यासाठी बाजूला ठेवलेलं असावं. फाटकावर बाहेर पडल्याची नोंद करायला विसरू नये, नाहीतर वनरक्षक अंधारात आपल्याला शोधत बसतात. राहिलेल्या बाजूसाठी जानेवारीचा एखादा रविवार धरून ठेवायला हरकत नाही. फेब्रुवारीवर ढकलू नये.